आटणे, वाळणे आणि सदृश

इंग्रज माणसाचे मला फार नवल वाटते. ज्याच्या देशात छत्री ही हातापायासारखी अंगालाच फुटलेली असते आणि आज धुतलेला टॉवेल परवापर्यंत वाळेल की नाही हे देवालाच ठाऊक असते, त्या माणसाने कोरडे होण्यावर एवढी क्रियापदे का खर्च करावीत? ड्राय अप, ड्राय आउट, ड्राय ऑफ! पावसाला कंटाळलेल्या माणसाची ती दिवास्वप्ने असावीत, असे मला कधीकधी वाटते. आमच्याकडे दिवास्वप्न पडते ते ओले होण्याचे.

चौतीस वर्षे मी किनवटला हायस्कुलात इंग्रजी शिकवले. किनवट म्हणजे नांदेड जिल्ह्याचा शेवटचा कोपरा. एका अंगाला तेलंगण, पैनगंगा ओलांडली की विदर्भ, आणि मधे सागवानाचे जंगल. बदलीच्या यादीत किनवटचे नाव दिसले की सरकारी नोकराचा चेहरा कसा होतो ते मी पाहिले आहे. तो चेहरा वाळत नाही, आटत नाही, तो सुकतो. याला इंग्रजीत काय म्हणावे हे मला चौतीस वर्षांत सापडले नाही. इंग्रजांची बदली किनवटला होत नसे, हेच त्याचे कारण असावे.

इंग्रजीची गंमत अशी की क्रियापद तेच ठेवायचे आणि शेपटीला एक चिंधी बांधायची. चिंधी बदलली की अर्थ बदलतो. नदी ड्राय अप होते, विहीर ड्राय अप होते, देणगीदाराचा उत्साहसुद्धा ड्राय अप होतो. नट रंगमंचावर वाक्य विसरला तर तोही ड्राय अप झाला. जेवणानंतर साहेब ताटल्या पुसतो तेही ड्राय अप, आणि मडमेने त्याला नुसते "ड्राय अप!" असे खेकसून सांगितले तर त्याचा अर्थ "तोंड बंद कर". पोहून आल्यावर अंग पुसणे म्हणजे ड्राय ऑफ. गवळ्याच्या भाषेत विण्याआधी गाईचे दूध हळूहळू बंद करणे म्हणजेही ड्राय ऑफ. भिजलेली गादी ड्राय आउट होते, आणि दारुड्याला सुधारगृहात ठेवले तर तोही ड्राय आउट होतो. गादी आणि दारुडा यांना एकाच दोरीवर टाकणारी भाषा मोठी समदर्शी म्हटली पाहिजे.

हे सगळे नववीच्या वर्गात सांगून मी एकदा फळ्यावर लिहिले, "द रिव्हर ड्राइड अप." म्हटलं, सांगा मराठी. एकदम गलका झाला. "नदी आटली, सर." "नदी सुकली." "नदी कोरडी ठाक पडली." मागच्या बाकावरून, "सर, खडखडीत झाली." एका तेलुगू घरच्या पोराने घरी बोलतात ते सांगितले, "एंडिपोयिंदी." पहिल्या बाकावर तलाठ्याचा मुलगा बसत असे. तो हात वर करून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, पाणीटंचाईसदृश परिस्थिती निर्माण झाली."

वर्ग खो खो हसला. पण मला त्या उत्तराने विचारात पाडले. बाकीच्या पोरांनी नदीबद्दल सांगितले होते. याने नदीचे नावच घेतले नव्हते.

आता मराठीतल्या शब्दांचा हिशेब मांडून पाहू. वाळणे या क्रियापदात माणसाचा हेतू असतो. लाकूड वाळते, गहू वाळतो, मिरची वाळते. म्हणजे पुढे त्यांचे काही तरी व्हायचे असते. मार्च-एप्रिलात आमच्याकडे गच्च्या, अंगणे, बाजा आणि शेजाऱ्याच्या बाजा पापड, कुरडया, शेवया, सांडगे आणि खारोड्यांनी भरून जातात, त्याला वाळवण म्हणतात. जंगलाकडच्या वस्त्यांत याच दिवसांत मोहाची फुले पसरलेली असतात. पुढे तेंदूच्या पानांचे पुडे उन्हात लागतात. ऊन हे आमचे एकमेव जिन्नस असे आहे की त्याची कधी टंचाई पडली नाही, आणि त्याचे सोने कसे करायचे ते बायकांनी शोधून काढले. वाळवलेली वस्तू मेलेली नसते, वर्षभर टिकायला निघालेली असते.

सुकण्यात मात्र दुःख आहे. फूल सुकते, रोप सुकते, परीक्षेच्या दिवशी पोराचे तोंड सुकते. आमच्या शेजारी रत्नागिरीकडून बदलून आलेले एक बिऱ्हाड होते. त्या वहिनी पहिल्याच दिवशी सहज बोलून गेल्या, "कपडे सुकत घातलेत." आमच्या गल्लीतल्या मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अवो बाई, कपडे काय फुलं हायती का सुकायला? कपडे वाळतेत!" कोकणात कपडे सुकतात आणि देशावर वाळतात, हे महाराष्ट्राचे जुने भांडण आहे. मराठी राज्य झाले तरी दोरीवरचा हा वाद मिटलेला नाही. मावशींचा तर्क मात्र मला पटला. वहिनी वर्षभरात "वाळत" म्हणू लागल्या आणि मावशी सुकट खाऊ लागल्या.

आटणे हे तिसरे. आटण्याला माप असते. दुधाचे पातेले चुलीवर ठेवले की निम्मे आटते. विहीर आटते तेव्हा परसाची दोन परस, दोन परसाची तीन परस होते, आणि बाईच्या हाताला दोर किती लांबला ते कळते. गाय आटते, आईचा पान्हा आटतो, भावाभावांतली माया आटते. आटण्याच्या आधी भरलेले असावे लागते, म्हणून या शब्दाला आठवण असते. मोकळ्या पातेल्याला कुणी आटले म्हणत नाही.

आणि सगळ्यांच्या शेवटी कोरडे. हा निकाल आहे. यावर अपील नाही. कोरडी विहीर, कोरडी सहानुभूती, कोरडे पाषाण. या घराण्यात विक्षिप्त माणसेही आहेत. आमच्याकडे भाकरीबरोबर जे पातळ कालवण खातात त्याला कोरड्यास म्हणतात. म्हणजे कोरडी असते भाकरी आणि नाव पडते रश्श्याला. नाव वाळा, पण काम काय तर पाणी शिंपडून गारवा द्यायचा. नाव वाळूक, आणि चावले तर अर्धा पेला पाणी. शिवाय एका वेलांटीचा फरक लक्षात ठेवला पाहिजे. वाळत टाकतात ते धोतर, वाळीत टाकतात तो माणूस. धोतर संध्याकाळी घरात घेतात. माणसाला घरात घ्यायला महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा करावा लागला.

इथवर हे घरगुती शब्द झाले. पण कोरडेपणाला एक सरकारी बाजूही आहे, आणि ती किनवटला जरा जास्तच दिसते, कारण किनवटने सरकारे पुष्कळ पाहिली आहेत. १९५६ पर्यंत हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता, म्हणजे सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली आणि त्यानंतर हैदराबाद राज्यात. घरात मराठी, बाजारात तेलुगू, जंगलात गोंडी आणि कोलामी, तांड्यावर गोरबोली, आणि निजामाच्या कचेरीत उर्दू. तेलुगूत कपडे "आरतात" आणि मिरची "एंडते", म्हणजे त्यांनीही दोरी आणि अंगण निराळे ठेवले आहे. निजामाच्या महसुली दप्तरात जमिनीचे दोन मोठे वर्ग, खुश्की आणि तरी. पावसावरची ती खुश्की, पाण्याखालची ती तरी. मराठीने यातला खुष्कीचा मार्ग उचलला आणि जमिनीवरून चालू लागली. रश्श्यावर जी लाल तरी तरंगते तीही याच घराण्यातली असावी, असा माझा समज आहे. नसली तरी वाढताना कुणी वंशावळ विचारत नाही.

उर्दूत आणखी एक व्यवस्था होती. पाऊस पडला नाही तर खुश्कसाली. माणसे उपाशी मरू लागली तर कहत. इंग्रजीतही दोन कप्पे आहेत, ड्राउट आणि फॅमिन. १८८० च्या फॅमिन कमिशननंतर इंग्रजांनी फॅमिन कोड लिहून काढले. त्यांत कधी कामे काढायची, कुणाला फुकट अन्न द्यायचे, अधिकाऱ्याने काय काय बघत राहायचे, हे कलमवार सांगितले होते. मराठीने मात्र दोन्हींसाठी एकच शब्द ठेवला, दुष्काळ. अवर्षण नावाचा एक सभ्य शब्द आहे, पण तो वर्तमानपत्रातून उतरून गावात कधी आला नाही. मला ही मराठीची गरिबी वाटत नाही. ज्यांच्याकडे पाऊस गेल्यावर धान्य यायला दुसरी वाटच नव्हती त्यांनी दोन शब्द करायचे कशाला? आभाळ कोरडे गेले की पोट कोरडे जाते, हे एका शब्दात सांगून मोकळे. म्हणून लोकांनी दुष्काळाला माणसासारखी नावे दिली. दुर्गादेवीचा दुष्काळ सहाशे वर्षांपूर्वीचा, पण त्याचे नाव अजून पुसलेले नाही.

जे दुर्गादेवीला जमले नाही ते विधिमंडळाने करून दाखवले. १९६३ साली महाराष्ट्रात एक कायदा झाला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून "फॅमिन" हा शब्द काढून टाकण्याचा तो कायदा. तिथे शब्द आला "स्कार्सिटी", म्हणजे आपली टंचाई. कारणही मोठे सुरेख दिले होते. शेतीच्या परिस्थितीवर सरकारचे सतत लक्ष असते, टंचाईची चिन्हे दिसताच मदत सुरू होते, सबब फॅमिन पडायला आता वावच उरलेला नाही. जगात पुष्कळांनी दुष्काळाशी लढाया केल्या. त्याला शब्दकोशातून हद्दपार करण्याची युक्ती फार थोड्यांना सुचली असेल. इंग्रजीच्या मास्तराला हे वाचून आनंद झाला पाहिजे. आम्ही पोरांच्या निबंधातले शब्द खोडतो. तेवढ्याने पोरांचे विचार जातील अशी आशा आम्हीसुद्धा धरत नाही.

या कायद्यानंतर नऊ वर्षांनी बहात्तर साल आले.

माझे मूळ गाव लातूरकडचे. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, आणि मी पंधरा वर्षांचा होतो. त्या आधीची दोन वर्षेही ओढाताणीची गेली होती. बहात्तरला पावसाने दावेच सोडले. प्रथम ज्वारी करपली. मग गावची विहीर आटली, मग ज्या विहिरीकडे लोक कधी गेले नव्हते तीही आटली. जनावरे निम्म्या किमतीत, मग पाव किमतीत, मग नुसती दावणीची सोडून दिली. रेशनवर मिलो आला, अमेरिकेतली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना तुटायची नाही. माझी आई खडी फोडायच्या कामावर जाऊ लागली. सकाळी टोपल्यात भाकरी, पाण्याची कळशी आणि माझी धाकटी बहीण घेऊन ती निघायची, दिवसभर दगड फोडायची, आणि हप्त्याला मस्टरवर अंगठा करून पैसे आणायची. कामावर सुकडी मिळत असे. सुकडी म्हणजे पौष्टिक, गोडसर, कोरडा चुरा. आई आपल्या वाटणीची पदरात बांधून आणायची आणि आम्हा भावंडांत वाटायची. त्या वर्षी आमच्या घरात सुकणे या धातूपासून झालेली चांगली अशी तेवढी एकच गोष्ट होती.

मे १९७३ च्या सुमारास राज्यभरच्या अशा कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. हे मान्य केले पाहिजे की त्या वर्षी भुकेने माणसे पूर्वीच्या दुष्काळांसारखी मेली नाहीत. कामे निघाली, मजुरी मिळाली, रस्ते झाले, पाझर तलाव झाले. वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यात करून पाहिलेला हमीच्या कामाचा प्रयोग या धकाधकीतून राज्याची योजना बनला. त्याचा कायदा १९७७ साली झाला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणाऱ्याला काम देणे सरकारवर बंधनकारक झाले. पुढे २००५ साली सबंध देशाने तसाच कायदा केला. म्हणजे एका कायद्याने शब्द काढला आणि दुसऱ्याने शब्द दिला. पहिल्याने आमच्या घरात काही पडले नाही. दुसरा आईसारख्यांनी खडी फोडून मिळवला होता. त्यातला "हमी" हा शब्द माझ्या मते मराठीतल्या सगळ्यांत ओल्या शब्दांपैकी एक आहे.

टंचाईचे मात्र पुढे चांगले बस्तान बसले. तिच्या जोडीला पैसेवारी होती. पीक पन्नास पैशांच्या आत आले की गावाला टंचाई लाभते. हिलाच जुनी माणसे आणेवारी म्हणतात. १९५७ साली दशमान नाणी आली आणि आणे मागे पडले, पण शेतकऱ्याचे नुकसान अजून आण्यांतच मोजले जाते. मग टंचाईला शेपूट फुटले, सदृश. सदृश म्हणजे सारखे. वाघासारखे दिसणारे, वाघाने खाल्ल्यासारखे दुखणारे, पण वाघ नव्हे. इंग्रजीतल्या अप, आउट, ऑफ या चिंध्यांना मी इतकी वर्षे हसलो, पण आमच्या सदृशपुढे त्या काहीच नाहीत. त्या अर्थ बदलतात. सदृश अर्थच पातळ करते.

ऑक्टोबर २०१५ मध्ये राज्यातल्या साडेचौदा हजारांहून अधिक गावांत "दुष्काळसदृश" परिस्थिती जाहीर झाली. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला पाणी देणाऱ्या मांजरा धरणाचा तळ उघडा पडला. धरणात अगदी खाली जे पाणी उरते त्याला पाटबंधारे खाते मृतसाठा म्हणते. लातूरकरांनी तो मृतसाठाही पिऊन संपवला. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून आगगाडीच्या दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी लातूरला आले. लोक स्टेशनात गाडी बघायला गेले, तिला हार घातले. मी तेव्हा नुकताच निवृत्त होऊन किनवटलाच राहिलो होतो. लातूरच्या माझ्या बहिणीला फोन केला. ही तीच, आईच्या टोपल्याबरोबर कामावर जाणारी. म्हटलं, "कसं काय?" म्हणाली, "दादा, पाणी रेल्वेनं आलं बघ. आपण कवा रेल्वेत बसलो न्हाई एवढ्या थाटात आलं." थोडं थांबून म्हणाली, "सदृश आहे म्हणं."

प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयात गेलेले होते. वाद बराचसा शब्दाचाच होता. दुष्काळ म्हटले की दुष्काळ हाताळण्याची केंद्राची नियमावली समोर येते आणि तिच्यातली कर्तव्ये मागे लागतात; सदृश म्हटले की सवलती देता येतात, पण त्या देणाऱ्याच्या हातात राहतात. अखेर मे २०१६ मध्ये सरकारने सांगितले की आदेशांमध्ये जिथे जिथे दुष्काळसदृश असे छापले आहे तिथे तिथे दुष्काळ असे वाचावे. गावे आता एकोणतीस हजारांवर गेली होती. इतके मोठे शुद्धिपत्रक मराठी भाषेच्या इतिहासात दुसरे नसेल. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळ जाहीर करायला कचरणाऱ्या काही राज्यांना शहामृगाची उपमा दिली. ती राज्ये दुसरी होती. पण वाळूत डोके खुपसायला नदी आटलेली असली म्हणजे झाले. राज्य कुठलेही चालते.

शब्दाने काय फरक पडतो, असे कुणी विचारील. पूर्वी मीही स्टाफरूममध्ये ही चर्चा चहाबरोबर ऐकत असे. पण आदेशाबरोबर सवलतींची जी यादी येते ती वाचावी. जमीन महसुलात सूट, कर्जाची वसुली थांबवणे, शेतीपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सूट, लागेल तिथे टँकर, आणि विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ. या शेवटच्या ओळीने मला गाठले. परीक्षेचे फॉर्म भरायच्या आठवड्यात वर्गातली काही पोरे हटकून गैरहजर राहायची. ती आजारी नसत. फी नसायची. त्या पोरांच्या तोंडाकडे बघितले की सुकणे आणि वाळणे यांतला फरक मला व्याकरणाशिवाय कळे.

गंमत बघा, किनवट-माहूरचा पट्टा पावसाच्या बाबतीत जिल्ह्यात नशीबवान गणला जातो. श्रावणात इस्लापूरजवळचा सहस्रकुंड धबधबा बघावा. पैनगंगा काळ्या खडकावरून अशी उडी घेते की जवळ उभ्या माणसाला आपले बोलणे ऐकू येत नाही. वैशाखात तिथेच जावे. खडक तेवढा असतो. खालच्या गावांतले लोक वरच्या इसापूर धरणातून पाणी सोडा म्हणून अर्ज लिहीत असतात. पाऊस पुष्कळ पडूनही नदी आटते, कारण पडलेले थांबत नाही आणि थांबलेले वाटायचे भांडण असते. मी गल्लीतल्या मावशींना एकदा विचारलं, "मावशी, नदी आटली, सुकली की वाळली?" त्या म्हणाल्या, "सर, नदी आटली. सुकलो आपण. आन् वाळवतंय सरकार." एवढे नेमके पर्याय कुठल्याही कोशकाराने दिलेले नाहीत.

त्यानंतर उपग्रह आले. आता पिकाचा हिरवेपणा आणि मातीची ओल आकाशातून मोजतात. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, आणि तोही सरळ, बिनशेपटीचा. मला वाटले, सदृश कायमचे गेले. २०२३ साली ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, आणि त्यांच्या मागोमाग हजारभर महसुली मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती. सवलती बऱ्याचशा त्याच होत्या. शेपूट परत आले होते.

आई पंच्याऐंशी वर्षे जगली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, त्यामुळे १९६३ चा कायदा तिच्यापर्यंत पोचला नाही. दुष्काळ कायद्यातून काढल्याचे तिला कुणी कळवलेच नाही. ती शेवटपर्यंत बहात्तरच्या कामाला दुष्काळी काम म्हणायची, त्या रस्त्याला दुष्काळी रस्ता, आणि वर्षांचा सगळा हिशेब तिथूनच करायची. माझ्या धाकट्या बहिणीचे वय कुणी विचारले की म्हणायची, "दुष्काळाच्या आदल्या साली झाली." टंचाईसदृश परिस्थितीच्या आदल्या साली जन्मलेले मूल मला अजून भेटायचे आहे.